शेजाऱ्याच्या बोअरमुळे तुमची विहीर आटली तर? भूजलाचा मालक कोण, समजून घ्या

समजा, तुमची पन्नास फुटांची विहीर आहे. आजोबांच्या काळातली. दरवर्षी एप्रिलपर्यंत पुरते. यंदा शेजारच्या शेतात बोअरची गाडी आली, रात्रभर धडधड चालली आणि सहाशे फुटांवर पाणी लागलं. महिन्याभरात तुमच्या विहिरीचा तळ दिसू लागला. आता तक्रार करायची कुठे? तलाठ्याकडे, पोलिसात की कोर्टात?

छोटं उत्तर असं आहे: बहुतेक वेळा कुठेच नाही. शेजाऱ्याने त्याच्या जमिनीत भोक पाडलं, त्याच्या पैशाने पाडलं आणि त्यातून आलेलं पाणी वापरलं, एवढंच कायद्याला दिसतं. त्याला काही अपवाद आहेत, ते पुढे पाहूच. पण मुळात असं का आहे, आणि जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं मिळून असेल तर त्याचा कारभार कोणी करायचा, सरकारने, कोर्टाने की गावाने? हा प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही. भारत जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२३ च्या मोजणीनुसार आपण वर्षाला सुमारे २४१ अब्ज घनमीटर पाणी जमिनीतून काढतो आणि त्यातला ८५ टक्क्यांहून अधिक वाटा शेतीला जातो. देशातल्या ६,५५३ मोजणी-घटकांपैकी ७३६ घटकांत दरवर्षी मुरणाऱ्या पाण्यापेक्षा उपसा जास्त आहे.

आधी खडक समजून घेऊ

भूजल म्हटलं की जमिनीखाली एखादं तळं किंवा वाहती नदी असेल असं अनेकांना वाटतं. पाणाड्याही तसंच सांगतो: "इथून धार जातेय." प्रत्यक्षात पाणी खडकाच्या भेगांमध्ये, छिद्रांमध्ये आणि मुरमात साठलेलं असतं. किती साठणार, हे खडकावर ठरतं.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर एकावर एक बसले आणि दख्खनचं पठार झालं. हा खडक पाण्याच्या बाबतीत कंजूष आहे. झिजलेल्या, भेगाळलेल्या वरच्या थरात पाणी मुरतं, खाली घट्ट कातळ लागला की थांबतं. अशा शंभर लिटर आकाराच्या खडकातून हाताला मिळणारं पाणी साधारण एक ते तीन लिटर. याउलट पंजाब किंवा उत्तर प्रदेशातल्या गाळाच्या जमिनीत शंभर लिटर वाळू-मातीतून दहा-पंधरा लिटर पाणी निघू शकतं, आणि तो गाळ शेकडो मीटर खोल आहे.

या एका फरकावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पंजाबचा शेतकरी हजारो वर्षांत साठलेली ठेव मोडून खातो. पाण्याची पातळी दरवर्षी थोडी थोडी खाली जाते, पण पाणी संपत नाही, निदान लगेच नाही. आपल्याकडे ठेव नाहीच. आपण दरवर्षीच्या पगारावर जगतो. पावसाळ्यात विहिरी भरतात, ऑक्टोबरमध्ये त्या तुडुंब असतात आणि मार्च-एप्रिलमध्ये तळ गाठतात. पुढच्या पावसाने पुन्हा भरतात.

म्हणूनच महाराष्ट्राची सरासरी फसवी आहे. सरकारी मोजणीत राज्याचा एकूण उपसा उपलब्ध भूजलाच्या साठ टक्क्यांच्या आत दिसतो. २०२३ च्या मोजणीत पंजाब १६० टक्क्यांच्या पुढे होता, राजस्थान १४५ च्या पुढे. आकडे पाहून कोणीही म्हणेल, महाराष्ट्र सुखात आहे. मग टँकर मराठवाड्यात का फिरतात? कारण सरासरीत कोकणचा पाऊसही असतो आणि ऑक्टोबरची भरलेली विहीरही. आपल्याकडचा खरा प्रश्न असतो तो ऑक्टोबरमध्ये भरलेलं पाणी मे महिन्यापर्यंत कोणाला मिळणार, हा. जो आधी आणि जोरात उपसेल त्याला, की ज्याला प्यायला हवं त्याला?

आता सहाशे फुटी बोअरकडे येऊ. बोअरमध्ये पाइप (केसिंग) बहुधा वरच्या मऊ थरापुरताच घालतात. खाली भोक उघडं असतं. वरच्या थरातलं पाणी, ज्यावर तुमची विहीर चालते, ते त्या भोकातून खाली पाझरतं आणि शेजाऱ्याचा पंप ते वर काढतो. खाली वेगळा साठा लागला असेल तरी तो भरायला कैक वर्षं लागलेली असतात. म्हणजे 'खोल गेलं की नवीन पाणी' ही समजूत बऱ्याचदा चुकीची असते. पाणी तेच असतं, फक्त ते काढणारी नळी लांब झालेली असते.

जमीन ज्याची, पाणी त्याचं: हे आलं कुठून?

इंग्लंडमध्ये १८४३ साली 'ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल' नावाचा खटला झाला. एका माणसाची विहीर होती, तिच्या पाण्यावर त्याची कापसाची गिरणी चाले. शेजारच्या जमिनीत कोळशाची खाण खणली गेली आणि विहीर आटली. गिरणीवाला कोर्टात गेला. कोर्टाचं म्हणणं पडलं की नदीचं पाणी कुठून कुठे जातं ते दिसतं, म्हणून काठच्या लोकांचे हक्क ठरवता येतात. जमिनीखालचं पाणी कोणाला दिसत नाही. तेव्हा ज्याची जमीन, त्याने खाली काय करायचं ते करावं, शेजाऱ्याचं नुकसान झालं तरी भरपाई नाही.

१८४३ च्या मानाने हे ठीक होतं. भूगर्भशास्त्र बाल्यावस्थेत होतं आणि विहीर माणसं हाताने खणत होती. पण हाच विचार इंग्रजांनी १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात आणला. त्या कायद्याच्या सातव्या कलमातलं एक उदाहरण सांगतं की ठरावीक प्रवाहातून न वाहणारं जमिनीखालचं पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि वापरण्याचा हक्क प्रत्येक जमीनमालकाला आहे. पुढे सतरावं कलम असंही म्हणतं की असं पाणी तुम्ही कितीही वर्षं वापरत आला असाल, तरी केवळ वहिवाटीने तुमचा त्यावर हक्क तयार होत नाही. म्हणजे 'आमची विहीर शंभर वर्षांची आहे' हा दावा इथे चालत नाही.

या व्यवस्थेत एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. पाणी जमिनीच्या सातबाऱ्याला बांधलेलं असेल, तर ज्याला सातबारा नाही त्याला पाणीही नाही. गावातला शेतमजूर सार्वजनिक विहिरीवर किंवा हातपंपावर अवलंबून असतो. तो हातपंप आजूबाजूच्या शेतांतल्या बोअरमुळे कोरडा पडला, तरी कोणी कायदा मोडलेला नसतो. टंचाई आली की प्रशासन एखादी खासगी विहीर 'अधिग्रहित' करतं आणि मालकाला त्याचे पैसे देतं. जे पाणी सगळ्या शिवारात मुरलं, ते पिण्यासाठी परत मिळवायला सरकार भाडं भरतं. कायद्याच्या चौकटीत हे बरोबरच आहे, आणि विहीरमालकाचाही दोष नाही. पण चौकटच किती विचित्र आहे, ते यावरून कळतं.

कोर्टांनी काय म्हटलं?

कोर्टं एका दिशेने गेलेली नाहीत. केरळमधल्या पालक्काड जिल्ह्यातलं प्लाचिमडा हे त्याचं सगळ्यात चर्चेतलं उदाहरण. तिथे कोका-कोलाचा बाटलीबंद पेयांचा कारखाना बोअरमधून पाणी उपसत होता. आसपासच्या विहिरी आटू लागल्याची आणि पाणी खराब झाल्याची तक्रार लोकांनी केली. २००३ मध्ये पेरुमाट्टी ग्रामपंचायतीने परवान्याचं नूतनीकरण नाकारलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी निकाल दिला की भूजल ही जनतेची संपत्ती आहे, सरकार तिचं विश्वस्त आहे आणि जमीनमालकाला मनमानी उपसा करण्याचा हक्क नाही. २००५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने हे फिरवलं. विशिष्ट कायदा नसताना जमीनमालकाला वाजवी प्रमाणात पाणी काढण्यापासून रोखता येणार नाही, असं ते म्हणालं. कारखाना २००४ पासून बंदच होता. तो पुन्हा सुरू करणार नाही, असं कंपनीने २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. प्रकरण मिटलं, पण भूजलाचा मालक कोण याचं अंतिम उत्तर त्यातून मिळालं नाही.

त्याआधी १९९६ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला भूजलाच्या नियमनासाठी प्राधिकरण नेमायला सांगितलं होतं. त्यातून १९९७ मध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरण आलं. उद्योगांना ना-हरकत प्रमाणपत्र देणं हे त्याचं मुख्य काम. शेतीला त्याने परवानगीतून वगळलं आहे. म्हणजे उपशाचा सर्वात मोठा हिस्सा त्याच्या कक्षेबाहेरच राहिला. शिवाय राज्यघटनेत पाणी हा राज्याचा विषय आहे, त्यामुळे केंद्र फार तर नमुना कायदा तयार करून राज्यांकडे पाठवू शकतं. पहिला नमुना कायदा १९७० मध्येच पाठवला गेला होता.

महाराष्ट्राचा कायदा आहे, आणि तो बराच कडकही आहे

हे अनेकांना माहीत नसतं. १९९३ मध्येच राज्याने पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांच्या रक्षणासाठी कायदा केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायची नाही, ही त्यातली मुख्य अट. गावात किती जणांनी ती पाळली, याचा अंदाज तुम्हीच करा.

त्यानंतर आला महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९. राष्ट्रपतींची संमती मिळून तो १ जून २०१४ पासून लागू झाला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण हेच राज्याचं भूजल प्राधिकरण ठरलं. विहिरींची आणि बोअरच्या यंत्रांच्या मालकांची नोंदणी, अतिउपशाचे भाग 'अधिसूचित' करणं, तिथे पाण्याच्या उपलब्धतेनुसार पीक आराखडा, आणि पाणलोट पातळीवर लोकांचा सहभाग असलेली समिती, असं सगळं त्यात आहे. सगळ्यात ठळक तरतूद म्हणजे शेती आणि उद्योगासाठी ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरी घेण्यास मनाई. ६० मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट.

आता मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात विचारून पाहा, बोअर किती फुटांवर गेलेत. पाचशे, सातशे, हजार ही उत्तरं कोणी कुजबुजत देत नाही, चहाच्या टपरीवर मोठ्याने देतात. बोअरच्या गाड्या, त्यातल्या कित्येक तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या, उन्हाळाभर रस्त्याने फिरतात आणि फुटाच्या दराने पैसे घेतात. कायदा आणि वस्तुस्थिती यांच्यातलं अंतर इतकं मोठं आहे की शेतकऱ्याला आपण काही मोडतो आहोत असंही वाटत नाही.

हे नुसत्या सरकारी आळसामुळे झालेलं नाही. देशात विहिरी आणि बोअर मिळून दोन कोटींहून जास्त आहेत. धरणाला एक दरवाजा असतो, त्यावर एक कर्मचारी बसवता येतो. इथे प्रत्येक शेतात एक दरवाजा आहे आणि त्याची चावी मालकाच्या खिशात आहे. इतक्या दरवाजांवर पहारा ठेवायला कोणत्याही सरकारकडे माणसं नाहीत. आणि परवाना पद्धत आणली, तर परवाना कोणाला लवकर मिळेल, हे सांगायला नको. ज्याची तालुक्याला ओळख आहे त्याला. ज्याने आधीच बोअर मारलाय त्याचं नुकसान नाही, ज्याला पहिल्यांदाच मारायचाय तो अडकणार.

शेतकऱ्याची बाजूही ऐकायला हवी. त्याने कर्ज काढून बोअर मारला. त्याआधीचे दोन बोअर कोरडे गेले. कालव्याचं पाणी त्याच्यापर्यंत कधी पोहोचलंच नाही, आणि धरणाखालच्या शेतकऱ्याला मिळणारं पाणी सरकारच्या पैशाने साठवलेलं आहे. मग 'तुझं पाणी सगळ्यांचं' हे फक्त त्यालाच का सांगायचं? या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, आणि नियमन करू पाहणाऱ्याने तो टाळून चालणार नाही.

मग गावाने ठरवलं तर?

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये लॉस एंजेलिसजवळ वेस्ट बेसिन नावाचा भूजलसाठा आहे. अतिउपशामुळे त्यात समुद्राचं खारं पाणी घुसू लागलं होतं. पाणी उपसणारे उद्योग, शहरं आणि पाणी कंपन्या एकत्र आल्या, कोर्टात गेल्या, आणि कोर्टाच्या देखरेखीखाली आपसात तडजोड करून प्रत्येकाचा वाटा ठरवला. कोणी किती उपसलं, ते सगळ्यांना कळेल अशी व्यवस्था केली. या प्रकरणावर एलिनॉर ऑस्ट्रॉम या विद्यार्थिनीने १९६५ मध्ये पीएचडीचा प्रबंध लिहिला. सामाईक साधनं एकतर सरकारच्या ताब्यात द्यावीत नाहीतर खासगी करावीत, नाहीतर ती संपणारच, हा समज तिने पुढे जगभरची उदाहरणं तपासून खोडला. २००९ मध्ये तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

त्यासाठी कॅलिफोर्नियापर्यंत जायची गरज नाही. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. त्याचा मूळ नियम फार धाडसी होता: पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात. घरात माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. वीस एकरवाल्यालाही तेवढंच. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही. १८८२ च्या कायद्याच्या बरोबर उलटं असलेली ही व्यवस्था लोकांनी आपल्या संमतीने चालवली.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार तुम्हाला माहीत असेलच. पोपटराव पवार १९८९-९० च्या सुमारास सरपंच झाले, आणि पाणलोटाची कामं झाली. कामांची चर्चा खूप होते. बंधारे, चर, झाडं यांचे फोटो छान येतात. पण तशी कामं शेकडो गावांत झाली आणि पाणी दोन-तीन वर्षांत पुन्हा गायब झालं, कारण भरलेलं पाणी पाहून बोअर वाढले. हिवरे बाजारने दुसरी बाजू पकडली. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस आणि केळी नाही, आणि पावसाळा संपला की गावाने बसून पाण्याचा ताळेबंद मांडायचा. पाऊस कमी झाला असेल तर त्या वर्षी कोणती पिकं सोडायची, ते आधीच ठरवायचं.

ताळेबंद म्हणजे नेमकं काय?

हे गणित शाळेतल्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे, म्हणून करूनच पाहू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. आपण एक काल्पनिक गाव घेऊ: शिवार १,००० हेक्टर, पाऊस ५०० मिलिमीटर. एकूण पडलं ५०० कोटी लिटर. ऐकायला प्रचंड. पण बरंचसं वाहून जातं, बाष्प होतं, मातीत ओल म्हणून राहतं. बेसॉल्टमध्ये साधारण दहा टक्के मुरलं असं धरलं, तर विहिरींच्या वाट्याला आले ५० कोटी लिटर.

त्यातून आधी पिण्याचं काढून ठेवू. गावात २,००० माणसं, माणशी रोज ५५ लिटर, वर्षाला सुमारे चार कोटी. हजार जनावरांना रोज पन्नास लिटरप्रमाणे आणखी जवळपास दोन कोटी. उरले ४४ कोटी लिटर. सगळ्या तहानेला फक्त सहा कोटी लागले, हे लक्षात ठेवा. गावाला प्यायला पाणी नसतं, तेव्हा ते पडलेलंच नसतं असं क्वचितच असतं.

आता ४४ कोटींचं काय करायचं? उसाला पावसाव्यतिरिक्त १,५०० मिलिमीटर पाणी द्यावं लागलं असं धरलं, तर हे पाणी सुमारे २९ हेक्टर उसाला पुरेल. ज्वारी-हरभऱ्यासारख्या रब्बी पिकाला ३०० मिलिमीटर धरलं, तर तेच पाणी सुमारे १४५ हेक्टरला पुरेल. २९ हेक्टर म्हणजे गावातली दहा-पंधरा कुटुंबं. १४५ हेक्टर म्हणजे बहुधा अर्धं गाव. पाण्याचा कारभार कोणी करायचा, हा प्रश्न शेवटी या दोन आकड्यांमधल्या निवडीचा आहे. आज ती निवड पंपाची ताकद करते.

इथेच आपला कंजूष खडक कामाला येतो. पंजाबच्या गाळातला साठा शेकडो गावांखाली पसरलेला आहे. एका गावाने उपसा थांबवला तर पाणी शेजारचं गाव काढेल. तिथे गावाच्या हातात फार काही नाही, म्हणून पंजाबने २००९ मध्ये राज्याचा कायदा करून १० जूनआधी भाताची लावणी करायला बंदी घातली. बेसॉल्टमधले साठे छोटे, उथळ आणि तुटक असतात. कित्येकदा एका ओढ्याच्या खोऱ्यापुरते. वर्षात भरतात, वर्षात संपतात. म्हणजे यंदा नियम पाळला तर फळ याच उन्हाळ्यात दिसतं आणि ज्यांनी पाळला त्यांनाच बऱ्यापैकी दिसतं. इतकी जवळची दक्षिणा असेल तर माणसं एकत्र येऊ शकतात. माझ्या मते महाराष्ट्रात भूजलाचा पहिला अधिकार एका पाणलोटातल्या लोकांकडे असावा, याचं सगळ्यात भक्कम कारण हे आहे. लोकशाहीच्या आदर्शापेक्षाही भक्कम.

पण गावाच्या हातात काय नसतं?

बरंच काही. पहिलं म्हणजे हद्द. पाणलोट ग्रामपंचायतीची हद्द ओळखत नाही. वरच्या गावाने अडवलं, खालच्याने उपसलं, तर भांडण कोणी मिटवायचं? राज्यात दीड हजारांहून अधिक पाणलोट आखलेले आहेत, पण त्या पातळीवर निवडून आलेली कोणतीही संस्था नाही. इथे वरून निवाडा करणारं कोणी लागतंच, आणि ते काम सरकारचं आहे.

दुसरं, वीज. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषीपंपांना मोफत वीज आहे. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, थकबाकीचा डोंगर खरा आहे. पण पंप चालवायला काहीच खर्च नसेल, तर तो बंद का करावा? आजवर उपशावर एकच अप्रत्यक्ष लगाम होता: वीज काही तासच येते. सौरपंपाने तोही निघतो. दिवसभर ऊन, दिवसभर पाणी. सौरपंप देऊ नयेत असं नाही, पण ते देताना त्या पाणलोटात पाणी किती आहे हे न पाहणं म्हणजे नळ मोठा करून हंडा तेवढाच ठेवणं.

तिसरं, बाजार. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे, कारखाना तोडणीची सोय करतो, पैसे उशिरा का होईना येतात. ज्वारीला हे काहीच नाही. ग्रामसभेत ठराव करून हे बदलत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरवरच्या लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. त्याच मराठवाड्यात उसाची लागवडही होत होती आणि कारखानेही होते.

चौथं म्हणजे शेततळी. कागदावर शेततळं पावसाचं वाहून जाणारं पाणी धरतं. प्रत्यक्षात प्लॅस्टिकचं अस्तर घातलेली अनेक तळी हिवाळ्यात बोअरच्या पाण्याने भरली जातात. जे पाणी सगळ्यांच्या खडकात होतं, ते एकाच्या तळ्यात येतं, वर ऊन खातं. फळबागवाल्याला ते जगवतं हे खरं, पण हे जलसंधारण नव्हे. याला सामाईक साठ्यातून काढून घरच्या कोठारात भरणं म्हणतात, आणि त्याला अनुदानही मिळतं.

आणि पाचवी गोष्ट गावातलीच. 'गावाने ठरवलं' म्हणताना गावात कोणाचा आवाज मोठा असतो? ज्यांच्याकडे पाच बोअर आहेत त्यांचा. पाणी भरणाऱ्या बायका ग्रामसभेत मागे बसतात, मजूर येतच नाहीत. साळुंखेंचा माणशी वाट्याचा नियम म्हणूनच महत्त्वाचा होता. पाण्याचा वाटा जमिनीपासून तोडला की बैठकीत बसायचं कारण सगळ्यांनाच मिळतं. हिवरे बाजारसारखी गावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच का, याचं उत्तर 'तसा नेता नाही' असं दिलं जातं. नेत्याइतकाच नियमही कारणीभूत असतो.

केंद्राने सात राज्यांत सुरू केलेली सहा हजार कोटींची अटल भूजल योजना याच वाटेने जाऊ पाहते. महाराष्ट्रही त्यात आहे. निवडलेल्या गावांनी पाणी मोजायचं, ताळेबंद करायचा, जलसुरक्षा आराखडा करायचा आणि निकाल दिसला तर राज्याला पैसे. कल्पना चांगली आहे. मात्र ताळेबंदात तूट दिसली तर ऊस कमी करायला लावण्याचा कायदेशीर अधिकार त्या गावाला आहे का? नाही. आराखडा भिंतीवर रंगवला जातो, पंप चालू राहतो. गावाच्या ठरावाला २००९ च्या कायद्याचं बळ मिळालं, पाणलोट समितीला खरोखर नाही म्हणता आलं, तरच या दोन गोष्टी जुळतील. कायद्याखालच्या नियमांचा मसुदा २०१८ मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध झाला, तेव्हा विरोधही याच मुद्द्यावर झाला की शेतकऱ्यावर अधिकाऱ्याचं राज्य येईल. समितीत अधिकारी कमी आणि पाणी वापरणारे जास्त असतील, तर त्या भीतीत फारसं तथ्य उरत नाही.

तुमच्या विहिरीचं काय?

शेजाऱ्याचा बोअर सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत असेल, तर ग्रामपंचायतीमार्फत तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी तक्रार करता येते. तो शेतीसाठी आणि ६० मीटरहून खोल असेल, तर तोही २००९ च्या कायद्याच्या विरोधात आहे. तक्रारीबरोबर तुमच्या विहिरीच्या पातळीच्या नोंदी जोडल्या तर तिला वजन येतं, आणि त्या बहुतेकांकडे नसतात. एक दोरी, तिला वजन बांधायचं, महिन्याच्या ठरावीक तारखेला विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हेच काम १९७० च्या दशकापासून करते. राज्यभर तिच्या हजारो निरीक्षण विहिरी आहेत आणि त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. तुमच्या पाणलोटातली अशी विहीर कोणती आणि तिची या ऑक्टोबरची नोंद काय, हे यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारता येतं. ती नोंद रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभेत वाचून दाखवा, अशी मागणी कोणताही ग्रामस्थ करू शकतो. त्यासाठी सातबारा लागत नाही.